झिलई

आमच्या घरात ‘मुलामा’ हा शब्द शिवीसारखा वापरला जात असे. एखादा माणूस फार गोड बोलू लागला की आबा म्हणत, “सोड त्येला. मुलाम्याचा हाय.” त्यात त्यांचा दोष नव्हता, आमचा धंदाच गलाईचा. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या भागांतली माणसे दुष्काळाला कंटाळून बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामात देशभर पांगली. माझे वडील, म्हणजे आबा, १९६८ साली वयाच्या सोळाव्या वर्षी मद्रासला चुलत्यांच्या दुकानात आले. साहुकारपेठेतील एका अरुंद गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत त्यांची भट्टी होती. मुशीत जुने दागिने वितळवायचे, वर टाकणखाराची चिमूट टाकायची, त्यात हिशेबाने चांदी मिसळायची आणि मग ते सारे शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळायचे. चांदी आणि तांबे आम्लात विरघळून जाते, सोने तेवढे तळाशी उरते. ते पाहायला मात्र सोन्यासारखे दिसत नाही. तपकिरी मातीसारखे दिसते. पुन्हा वितळवले की मग त्याचे तेज प्रकट होते. वरचे, मिसळलेले, दिखाऊ ते सारे काढून टाकणे हेच ज्या घराचे काम, त्या घरात मुलाम्याला मान कोण देणार?

अशा घरातल्या माणसाने एका मोटारीच्या मुलाम्यासाठी चार महिने घालवावेत, ही गोष्ट आबांना अजूनही विनोदी वाटते. पण त्या मोटारीचा आग्रह मूळ त्यांचाच होता.

ती गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १९७८ सालची. आबांनी ती १९८६ साली जुनी घेतली. साहुकारपेठेत हातगाडी वळायला जागा नव्हती, तिथे मोटार कुठे उभी करणार? ती एका ओळखीच्या वखारीत ठेवावी लागे आणि रविवारी आम्ही तिला भेटायला जात असू. भेटायला हाच शब्द बरोबर आहे. आबा तिला धूत, पुसत, आणि शेवटी पुढच्या बंपरसमोर उकिडवे बसून मऊ फडक्याने तो घासत. त्या वक्र पत्र्यात आमचे चेहरे लांबट दिसत; बहिणीचे दात मोठे दिसत म्हणून ती रडे. पुढे १९९४ साली आम्ही वेळच्चेरीला राहायला गेलो आणि गाडी घराशी आली. दर खंडेनवमीला तिच्या बंपरवर हळदीकुंकवाची बोटे उठत. तमिळ लोकांची आयुधपूजा त्याच दिवशी असते, त्यामुळे साऱ्या रस्त्यावरच्या रिक्षा, बसगाड्या आणि सायकली केळीचे खुंट बांधून उभ्या असत. आपला सण असा आयता साऱ्या शहराचा झालेला पाहून आईला फार बरे वाटे.

डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईला पुराने वेढले. वेळच्चेरी हा मुळातच सखल भाग. शेजारी पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन आणि मधे वाढत गेलेली वस्ती. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. गाडी खालीच राहिली आणि दोन दिवस घाण पाण्यात काचांपर्यंत बुडून उभी होती. पुढच्या वर्षी इंजिन दुरुस्त झाले, गाडी चालू लागली. पण तिचा चेहरा गेला. बंपरवर तपकिरी ठिपके उमटले, दिव्यांभोवतीची कडी धुरकटली, दारांची हँडले फोड आल्यासारखी खडबडीत झाली. आबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. पुढे सहा वर्षे खंडेनवमीला ती ताडपत्रीच पुजली जात होती असे म्हटले तरी चालेल.

२०२२ च्या उन्हाळ्यात आबा सत्तर वर्षांचे झाले. आयुष्यभर तेजाबाची लालसर वाफ छातीत गेलेली. जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबू लागले होते. एके संध्याकाळी असेच थांबले असता खिडकीतून खाली पाहत म्हणाले, “त्या बंपरात एकदा तोंड बघायचं हाय. ह्या नवमीला जमंल का?” नवमी ४ ऑक्टोबरला होती. मी हो म्हणालो. काय करावे लागते याची मला तेव्हा काहीच कल्पना नव्हती.

क्रोम गंजत नाही, ही मला कळलेली पहिली गोष्ट. मग तो तांबूस गंज कुणाचा? तो खालच्या लोखंडाचा. बंपर पोलादी पत्र्याचा. त्यावर तांबे, तांब्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम. निकेलचा थर दहा-वीस मायक्रॉनचा असतो, क्रोमियमचा मात्र अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा शंभरावा भागही भरणार नाही इतका तो पातळ. हवेतल्या प्राणवायूशी मिळून तो स्वतःवर एक अदृश्य कवच धरतो, म्हणून वर्षानुवर्षे उजळ राहतो. पण त्यात सूक्ष्म भेगा असतात. चेन्नईची हवा समुद्राची, खारट आणि दमट. ओल त्या भेगांतून आत शिरते, निकेललाही कुठेतरी वाट सापडते, आणि खालचे लोखंड त्या छिद्रातून बाहेर बोलू लागते. ठिपका वर दिसतो तेव्हा दुखणे आत बरेच पसरलेले असते.

दुसरी गोष्ट अशी की चकाकते ते सारे क्रोम नसते. हे खरे तर गलाईवाल्याच्या मुलाला कुणी सांगायला नको होते! मी लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरलो. बंपरला तो घट्ट चिकटला. खिडक्यांखालच्या पट्ट्यांना चिकटला नाही. त्या मुलाम्याच्या नव्हत्याच, नुसत्या धुऊन पुसल्यावर लख्ख झाल्या. हँडलांनाही चिकटला नाही. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव निघाली, आणि जस्त आतून फुगून वरचा मुलामा उचलते, तेव्हा घासून काही उपयोग होत नाही.

मग घासायला सुरुवात केली. त्याची कृती इतकी साधी आहे की लिहितानाही संकोच वाटतो. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद घ्यायचा, चुरगळून त्याचा बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि गंजावर हलक्या हाताने फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. गंज मात्र सुटतो. करडा-तपकिरी लगदा निघतो. तो लगेच पुसायचा, पत्रा कोरडा करायचा आणि वर मेणाचा हात द्यायचा, म्हणजे ओल पुन्हा आत शिरत नाही. आईने चिंच आणि राखेचा आग्रह धरला होता. पितळेच्या समईला ती ठीक. पण राखेचे कण क्रोमवर बारीक चरे पाडतात. लोखंडी तारेची घासणी तर भांड्यांच्या मोरीतच बरी. सायलेन्सरच्या टोकाला उष्णतेने मोरपंखी निळी झाक आली होती. ती गंज नव्हे, तापल्यामुळे धातूवर चढलेली पातळ साय. धातूच्या पॉलिशने ती बरीचशी निघाली.

मागचा बंपर अशा रीतीने दोन रविवारांत माणसांत आला. काही काळे खड्डे राहिले. डाव्या कोपऱ्यावर एक पोचा होता, तोही राहिला. तो पोचा पाडला तेव्हा आई गाडी चालवायला शिकत होती. त्यानंतर तिने शिकणे सोडले.

पुढच्या बंपरवर गंज दाट होता आणि माझा धीर संपत आला होता. आम्ही तेजाबात वाढलेली माणसे. आम्लाचे भय आम्हाला कुठून असणार? मी रासायनिक मालाच्या दुकानातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणले, हातमोजे घातले, पाणी घालून ते सौम्य केले आणि ब्रशने सर्वांत वाईट जागी लावले. क्षणभर बुडबुडे आले. मग हिरवट ओघळ खाली येऊ लागला. गंज निघतो आहे असे समजून मी आनंदात होतो. धुऊन पाहिले तर गंज बराचसा तिथेच होता आणि त्याच्याभोवती हातभर लांबीचा एक पिवळसर, मंद पट्टा पडला होता. क्रोमची झाक निळसर असते, निकेलची पिवळट. माझ्यासमोर उघडे निकेल होते. क्रोम नाल्यात गेले होते.

आबा वरून पाहत होते. ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. ओसरल्यावर म्हणाले, “आरं, मिठाचा तेजाब लावला व्हय? क्रोम शोऱ्याच्या तेजाबाला भीत न्हाई, मिठाच्याला भितंय. कुणाला कशाची भीती, ते आधी बघावं लागतं.” हायड्रोक्लोरिकला आमच्या धंद्यात मिठाचा तेजाब म्हणतात. चाळीस वर्षे मुलाम्याची टवाळी करणाऱ्या माणसाला त्याचे हे शास्त्र कसे ठाऊक, असे मी विचारले. ते म्हणाले, “काढायचं काम आमचं. ज्येला काढायचं, त्येची वळख नको?”

आता घरी करण्यासारखे काही उरले नव्हते. एळुंबूरजवळ, कूवम नदीच्या काठी पुदुपेट नावाचा भाग आहे. जुन्या मोटारी तिथे सुट्या होतात आणि त्यांचे भाग दुकानांच्या दारांत रचलेले असतात. सुकाणू एका गल्लीत, काचा दुसरीत. हँडलांची बरी जोडी मला तिथेच मिळाली. बंपर मात्र पद्मिनीचा म्हणून जे जे दाखवले गेले, ते माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होते. एका दुकानदाराने अंबत्तूरच्या बाजूचा एक पत्ता दिला.

तो एक छोटा कारखाना होता. मेस्त्री साठीचे, अंगाने किडकिडीत, कपाळाला विभूती. त्यांनी बंपर हातात घेऊन उन्हात फिरवला आणि पिवळ्या पट्ट्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिले. मी काही सांगण्याआधीच ते तमिळमध्ये म्हणाले, “आम्ल लावलेत ना सार्? सगळेच लावतात.” मग त्यांनी मला आत नेले. रंगांची अशी जागा मी पूर्वी पाहिली नव्हती. तांब्याची टाकी निळी, निकेलची हिरवी आणि क्रोमची गडद नारिंगी, कोऱ्या चहात शेंदूर कालवावा तशी. क्रोमियम या नावाचा उगम ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. फ्रान्सच्या वोकलॅन या रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली सायबेरियातील एका लाल खनिजात हे मूलद्रव्य शोधले. माणकाचा लाल आणि पाचूचा हिरवा रंगही त्याच्याच अंशामुळे येतो, हे मी मेस्त्रींना सांगितले. साहुकारपेठेतला माणूस आहे हे कळावे, एवढाच त्यात हेतू होता. ते म्हणाले, “रंग छान आहे. पण त्या टाकीवर वाकू नका.”

त्यांच्या हातांवर, बोटांच्या पेरांजवळ, डाळीएवढे गोल व्रण होते. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे उठतात आणि त्यांच्यासोबत क्रोमिक आम्लाचे सूक्ष्म तुषार हवेत जातात. त्वचेवर बारीकशी जखम असली तरी ते तिथे खड्डा करतात. नाकातील पडदाही ते खातात. मेस्त्रींच्या पडद्याला तरुणपणीच छिद्र पडले होते. दुखले नाही, म्हणून कळलेही नाही. या सहासंयुजी क्रोमियममुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. त्यांच्या कारखान्यात टाकीच्या कडेने वाफ ओढून घेणारी नळी होती, मुलांच्या हातात लांब मोजे होते. त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीत मात्र यातले काही नव्हते. मोगऱ्याचा गजरा घेऊन घरी गेलो तर बायकोला वास येतो, मला येत नाही, असे ते सहज बोलून गेले. मला आबांची मधली पायरी आठवली. एकाने आयुष्यभर मुलामा उतरवला, दुसऱ्याने चढवला. दोघांनाही वाफेने सारखेच धरले होते.

मेस्त्रींचे गाव राणीपेटजवळचे. चेन्नईच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवरचे हे शहर कातड्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि कातडे कमावायला क्रोमियमचे क्षार लागतात. तिथे क्रोमेट तयार करणारा एक कारखाना १९७० च्या दशकात उभा राहिला आणि १९९० च्या दशकात बंद पडला. मागे लाखाहून अधिक टन क्रोमियमयुक्त गाळ उघड्यावर राहिला. पावसाचे पाणी त्यातून झिरपून भूजलात उतरत गेले. मेस्त्री सांगत होते की लहानपणी ज्या विहिरीत ते पोहायला शिकले, तिचे पाणी पुढे पिवळे झाले. म्हणून ते स्वतःच्या कारखान्याचे पाणी तसे सोडत नाहीत. त्यांनी मला मागच्या बाजूची टाकी दाखवली. पिवळ्या पाण्यात आम्ल आणि एक पांढरी भुकटी घालून ढवळले की ते हळूहळू हिरवे होते. विषारी क्रोमियम सौम्य रूपात येते, मग चुन्याने त्याचा गाळ खाली बसवतात. या कामाचे पैसे गिऱ्हाईक वेगळे देत नाही, आणि शेजारी कुणी हे टाळून दर उतरवला की गिऱ्हाईक तिकडे जाते. त्यांनी मला सांगितलेली मजुरी मी आणखी दोन ठिकाणी विचारलेल्या दरापेक्षा बरीच जास्त होती. मी घासाघीस करण्याच्या तयारीने आलो होतो. ती केली नाही. घरी आंगणातल्या नाल्यात मी सोडलेला हिरवट ओघळ डोळ्यांसमोर होता.

काम मी समजलो होतो तसे नव्हते. मुलामा चढवायला एक दिवस पुरतो. खरे श्रम त्याआधीचे. जुने क्रोम आणि निकेल उतरवले, तेव्हा खालचा पत्रा वडाच्या सालीसारखा निघाला. खड्डे भरले, पत्रा ठोकून सारखा केला आणि मग चार दिवस तो फिरत्या चाकांवर घासला गेला; आधी भरड, मग बारीक, शेवटी कापडी. एक तरुण मुलगा तोंडाला फडके बांधून हे करत होता. त्याच्या पापण्यांवर काळी धूळ बसली होती. मुलामा खड्डा लपवत नाही, उलट दाखवतो. खालच्या लोखंडाला जितकी झिलई, तितकीच वर दिसणार. तांबे-निकेल चढायला तासाभराहून अधिक वेळ गेला. शेवटी क्रोमच्या टाकीत बंपर गेला आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर आला. त्या दोन-तीन मिनिटांची चमक लोक पाहतात.

मेस्त्रींनी मागचा बंपरही आणायला सांगितले. दोन्ही एकसारखे दिसतील म्हणाले. मी आबांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तो पोचा काढतील व्हय?” काढतील, असे मी सांगितले. आबा म्हणाले, “मग ऱ्हाऊ दे.”

नवमीच्या सकाळी मी खुर्ची खाली नेली. आबा जिना उतरून आले, मधल्या पायरीवर थांबले, पुन्हा उतरले. खुर्चीत न बसता, आमचा हात धरून, ते जुन्या सवयीने बंपरसमोर उकिडवे बसले. त्यांनी आपला चेहरा पाहिला. मग मान जरा तिरकी करून पत्र्यावर श्वास सोडला आणि वाफ किती वेळात उडते ते पाहिले. हे ते सोन्याच्या बाबतीत करत नसत. क्रोमसाठी ही परीक्षा त्यांनी कुठून काढली, मला ठाऊक नाही. “चांगलं केलंय,” ते म्हणाले. “कुणी केलं?” मी मेस्त्रींविषयी सांगितले, गजऱ्याचेही सांगितले. आबांनी कुंकवात बोट बुडवले, पण ते बंपरवर टेकवायला त्यांना वेळ लागला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा अतिवृष्टीचा इशारा आला. वेळच्चेरीच्या लोकांनी आता एक युक्ती शिकून घेतली आहे: पावसाआधी गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या करायच्या. मीही पद्मिनी नेली. पुलावर नव्या गाड्यांची रांग लागली होती. माझ्यापुढच्या गाडीचा मालक छत्री घेऊन जवळ आला, बंपरवर नख वाजवून म्हणाला, “लोखंड आहे!” आणि मग हसत स्वतःच्या गाडीच्या चकचकीत जाळीवर नख वाजवले. तिचा आवाज प्लास्टिकचा होता. पाऊस तिरका येत होता. घरी चालत निघालो तोच फोन वाजला. आबा होते. गाडी नीट लागली का, हे त्यांनी विचारले नाही.

“पाणी पुसलंस का?” ते म्हणाले.

पाऊस चालूच होता. मी परत फिरलो आणि खिशातला रुमाल काढला.